पाळीतला उंबर

उस्मानाबाद,
सोमवार, २७ नोव्हेंबर १९६१

ती. अण्णा यांस,
वनमालाचा नमस्कार.

१. काल रविवारी मी आणि मुलींच्या शाळेतल्या शिवकांताबाई येरमाळ्याच्या गाडीनं आसरादऱ्याला गेलो. तलावाखालच्या दरीत जंगल खात्यानं वनउद्यान केलं आहे. १७ डिसेंबरला ते उघडणार. त्या दिवशी पाच शाळांची सहल आहे. मुलं-मुली मिळून तीनशे दहा. जागा पाहून बसण्या-जेवणाचा नकाशा काढून द्यायचं काम शिवकांताबाईंनी माझ्यावर टाकलं होतं.

२. जेवणाची जागा तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पायथ्यापासून नव्वद फुटांवर ठरली आहे. दाट सावली आणि हिरवळ फक्त तिथंच आहे.

३. नोव्हेंबरात एवढी हिरवळ कशी, ते पाहायला मी वर गेले. पाळीच्या उत्तर टोकापासून सातशे फुटांवर, म्हणजे सातव्या साखळीवर, पायथ्यापासून चार फूट उंचीवर पाळीतून पाणी येतं आहे.

४. रॉकेलचा रिकामा डबा त्या पाण्याखाली धरला. भरायला तीन मिनिटं दहा सेकंद लागले.

५. पाणी गढूळ आहे. एक बाटली भरून आणली. आज सकाळी तिच्या तळाशी पाव इंच गाळ होता.

६. तलावाची पातळी सांडव्याच्या दीड फूट खाली आहे. म्हणजे तलाव जवळजवळ भरलेला आहे.

घडलं ते एवढंच. पाळ तुमच्या देखरेखीखाली झाली, म्हणून पाच वर्षांनी तुम्हाला लिहिते आहे.

मातीच्या पाळीतून स्वच्छ पाणी पाझरलं तर घाबरू नये आणि गढूळ आलं तर झोपू नये, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. नकाशाकामाच्या कोर्ससाठी हैदराबादला गेले त्याच्याही आधी.

पाणी येतं त्या जागी जलदेवतांचे, आसरांचे, दगड मांडलेत. हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, एक खण. मी डबा लावला तेव्हा तिथं एक म्हातारी बसली होती. हरणाबाई. दरीतच खोपट आहे, शेळ्या राखते. ती शिवकांताबाईंना म्हणाली,

"आसरा परत आल्यात बघा बाई. सा वरसं मातीखाली गुदमरल्या व्हत्या."

"पण पाणी गढूळ का, आजी?"

"रागात हायती. राग ईल न्हाय तर काय?" मग माझ्याकडं बघून, "आन ही तुमची मैत्रीण काय करायली? डब्यानं देवाला मोजताव व्हय?"

शिवकांताबाई हसल्या. परतीच्या वाटेवर मला म्हणाल्या, "तुला सहलीचा नकाशा काढायला सांगितला, तर तू तलावाची कुंडली मांडून बसलीस." मीही हसले. त्यांना काही सांगितलं नाही. उद्या ऑफिसात साहेबांना पाझराचं लेखी कळवते आहे.

सातव्या साखळीवर काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्याबद्दल काय करायचं ते कळवा. मी घाबरलेली नाही. फक्त वेळ थोडा आहे.

वनमाला


उस्मानाबाद,
रविवार, ३ डिसेंबर १९६१

ती. अण्णा यांस,
नमस्कार.

तुमचं उत्तर मिळालं. पत्र नव्हतं, महालिंगप्पा मुकादम होते.

आज सकाळच्या गाडीनं मी पुन्हा आसरादऱ्याला जाऊन आले. डबा दोन मिनिटं पाच सेकंदांत भरला. खात्रीसाठी तीनदा भरला. तिन्ही वेळा तेच.

साहेबांनी मंगळवारी माझा कागद वाचला. पाळीचा मूळ नकाशा कपाटातून काढून टेबलावर पसरला आणि म्हणाले, "पाझर कुठल्या पाळीला नसतो? हे बघा, पाया साफ दाखवलाय. पायात झाड नाही, विहीर नाही, काही नाही. आणि ट्रेसर म्हणून नकाशा उतरवल्याची सही कुणाची आहे? तुमचीच ना?" मी हो म्हटलं. "मग? रब्बीचं पाणी आहे ते. डबा लवकर भरतो म्हणून मी मोरी उघडून तलाव रिकामा केला तर उद्या चार गावं या दारात बसतील."

मी नकाशाची गुंडाळी करून कपाटात ठेवली. तेव्हाच बोलायला हवं होतं.

दुपारी येरमाळ्याहून परत आले, तर माझ्या खोलीच्या पायरीवर महालिंगप्पा बसलेले. डोक्याला तोच गुलाबी पटका. आता त्यांना नीट दिसत नाही, माझ्या आवाजावरून उठून उभे राहिले. मी चहा केला. तो संपेपर्यंत त्यांनी तुळजापूरचे भाव सांगितले, तुमच्या खोकल्याचं सांगितलं, मग बशी खाली ठेवली.

"वनाताई, अण्णासायबानं सांगून धाडलंय. झाड तोडलं व्हतं."

"कोणतं झाड?"

"उंबर वो. आसराचा. तोडून, मुळं काढून, मंग माती भरली."

"कुणी तोडला?"

"म्याच की."

"किती दिवस लागले?"

त्यांनी बशी थोडी सरकवली.

"महालिंगप्पा, तीन माणसांच्या कवेत न मावणारा उंबर. मुळं काढायची म्हणजे दहा-बारा फूट खड्डा. तो बुजवल्याची माती मोजमाप वहीत कुठंच नाही. मी वही पाहिली आहे."

"तवा राहिली आसंल लिहायची."

"अण्णांची? लिहायची राहिली?"

यावर ते हसले. ते तुम्हाला माझ्याइतकंच ओळखतात. मग एकदम चिडून म्हणाले, "ताई, घरात सून शिताबाईला सातवा म्हैना व्हता तवा. म्या त्या झाडाला कुऱ्हाड लावीन व्हय? आसराच्या झाडाला? माझं घर बुडवून घ्यायचं व्हतं का मला?"

आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं. पटका काढून मांडीवर ठेवला. शेवटी म्हणाले, "हे सायबाला सांगू नका."

कुठल्या साहेबांना, ते मी विचारलं नाही.

तेव्हा मी विसाव्या वर्षात होते आणि तुमच्याच सेक्शनला रोजंदारीवर ट्रेसर होते. म्हणून ते दिवस मला तारखांसकट आठवतात. ५ मे १९५५ ला गडी उंबराजवळ थांबले. कुणी फांदीलासुद्धा हात लावेना. पाळ दोन्ही बाजूंनी चढली होती, मध्ये तेवढीच खिंड राहिली होती, आणि पाऊस महिन्यावर आला होता. तुम्ही चार दिवस वाट पाहिली. मग महालिंगप्पा तुमच्याकडं आले. तुम्ही लोकांना दटावलं नाही, कुणाची मजुरी कापली नाही. नारळ वाढवलात, दगडांना खण-बांगड्या वाहिल्यात, आणि उंबर उभाच ठेवून त्याच्यावर माती घालायला सांगितलीत. "तोडला नाही आणि काम थांबलं नाही," असं तुम्ही घरी आईला सांगितलंत. जेवताना. आईनं हात जोडले होते.

तुम्ही लाच खाल्ली नाहीत. वाईट मनानं काही केलं नाहीत. हे मी तेव्हाही जाणत होते. पण लाकूड मातीत पाच-सहा वर्षांत कुजतं. मुळांच्या जागी नळ्या होतात. पाण्याला याहून जास्त काही लागत नाही.

आता माझं. पहिल्या पत्रात मी हे लिहिलं नव्हतं. पाहणीच्या मूळ कागदावर सातव्या साखळीला झाडाची खूण होती. ट्रेसिंग क्लॉथवर मी ती उतरवली होती. तुम्ही टेबलाजवळ आलात, बोट ठेवलंत आणि म्हणालात, "हे काढ." मी ब्लेडनं खरवडली. वर शंखजिऱ्याची पूड चोळली, कापडाला पुन्हा चकाकी आणली. खाली सही केली. त्या कामात माझा हात चांगला आहे, कुणाला कळलं नाही.

पुढच्या वर्षी मी बदली मागितली. अर्जात कारण लिहिलं, "वडिलांच्या हाताखाली काम करण्याची इच्छा नाही." तो अर्ज सगळ्या ऑफिसनं वाचला, तुम्हाला खाली मान घालावी लागली आणि तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. खरं कारण लिहिलं असतं तर तुमची नोकरी गेली असती. माझीही गेली असती. मी दोन्ही वाचवल्या.

आता मला भीती वाटते, अण्णा. मागच्या पत्रात वाटत नाही असं लिहिलं ते खरं नव्हतं.

वनमाला


उस्मानाबाद,
रविवार, १० डिसेंबर १९६१

ती. अण्णा यांस,
नमस्कार.

काल शनिवारी अर्ध्या दिवसानं सुटल्यावर मी तुळजापूरला आले होते, हे तुम्हाला माहीत आहे. गल्लीच्या वळणावरून तुम्ही मला ओट्यावर दिसलात. वर्तमानपत्र होतं हातात. मी दारापर्यंत पोचले तेव्हा ओट्यावर फक्त वर्तमानपत्र होतं.

नीलावहिनी बाहेर आल्या. "मामंजी पूजेत आहेत," म्हणाल्या. तेव्हा साडेतीन वाजले होते. आतून तुमचा खोकला ऐकू येत होता. वहिनींनाही येत होता. आम्ही दोघी तो येत नसल्यासारख्या बोललो. मी पोहे खाल्ले. तासभर बसले. तुमची पूजा संपली नाही.

वहिनी स्टँडपर्यंत सोडायला आल्या. वाटेत यात्रेकरूंची गर्दी होती, सोलापूरच्या दोन गाड्या नुकत्याच लागल्या होत्या. त्या गोंगाटात त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "वन्सं, तुमच्यात काय झालंय ते मला कुणी सांगत नाही, आणि मी विचारतही नाही. पण तुमचं पहिलं पत्र आल्यापासून मामंजींनी येरमाळ्याच्या गाडीची वेळ दोनदा विचारलीय. तिकडं आपलं कोण आहे?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

तर तुम्हालाही भीती वाटते. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलट गाडीत बसल्यावर माझी भीती वाढली. मला वाटत होतं की तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि तुम्ही गप्प आहात, म्हणजे माझंच गणित कुठंतरी चुकत असेल. आठवडाभर मी त्यावर टेकून होते.

आज आसरादऱ्याला गेले. डबा एक मिनिट वीस सेकंदांत भरला. बाटलीतला गाळ आता करडा नाही, काळा आहे. पाळीच्या पोटात जो काळ्या मातीचा गाभा तुम्ही घालून घेतला होता, तिथली ती माती आहे. बोटांवर चोळून पाहिली. तिच्यात लाकडाचा मऊ भुगा होता.

मग वर माथ्यावर चढले. सातव्या साखळीवर, पाण्याच्या बाजूला, माती खचून खळगा झाला आहे. परातीएवढा रुंद आणि वीतभर खोल. मागच्या रविवारी तो नव्हता. मी त्याच्या काठावर उभी होते. खाली पायथ्याशी उद्यानाचे लोक कमानीला पताका बांधत होते. सहलीच्या रांगा कळाव्यात म्हणून शाळांच्या नावांच्या पाट्या गवतात रोवल्या होत्या. पाचही पाट्या मला माथ्यावरून वाचता येत होत्या.

हरणाबाईला मी खोपट सोडून वरच्या माळावर जायला सांगितलं. ती म्हणाली, "कुठं जाऊ? शेळ्या हायती, पाणी हितं हाय. आन आसरा काय मला मारत्यात व्हय? म्या रोज दिवा लावती त्यांना."

"आजी, पाळ फुटली तर?"

"तुज्या बापानं बांधलीया न्हवं? मला समदं ठावं हाय. लई देवमाणूस. झाडाला हात लावू दिला न्हाय त्यानं. त्याची पाळ फुटंल व्हय?"

मी तिथून उतरताना दोनदा घसरले. उतार अवघड नाही.

येरमाळ्याच्या फाट्यावर गाडीची वाट पाहत असताना ठरवलं. उद्या साहेबांना सगळं सांगते. तुमचं नाव न घेता ते सांगता येत नाही. मी प्रयत्न केला, तीन मसुदे केले. त्यातल्या प्रत्येकात शेवटी "कुणाच्या सांगण्यावरून" हा प्रश्न उरतोच.

वनमाला


उस्मानाबाद,
मंगळवार, १२ डिसेंबर १९६१

ती. अण्णा यांस,
नमस्कार.

हे पत्र तुळजापूरच्या सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडं देते आहे. ते स्टँडवरून तुमच्या घरी पोचवतील. टपालानं दोन दिवस जातात, आणि ते दोन दिवस मला लागणार आहेत.

काल साडेदहा वाजता मी साहेबांना लेखी निवेदन दिलं. त्यात उंबर, तारीख, साखळी, ब्लेड, सही आणि तुमचं नाव आहे. त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं, मग दार लावून घेतलं.

मी नकाशा खिडकीच्या काचेवर धरला. सातव्या साखळीजवळ कापड पातळ झालेलं स्वच्छ दिसतं. साहेबांनी चष्मा काढून, लावून, पुन्हा काढून पाहिलं.

"इथं काहीतरी खरवडलंय, हे खरं."

"झाडाची खूण होती."

"असेल. शाईचा डागही असेल. खरवडलेलं दिसतं, काय खरवडलं ते दिसत नाही. पाहणीचा मूळ कागद?"

"राज्य बदललं तेव्हा रेकॉर्ड औरंगाबादेहून हललं. त्यात सापडत नाही. मी शोधला."

"म्हणजे १९५५ साली तुमची सही आहे की पाया साफ आहे. आज तुमची सही आहे की पायात झाड आहे. दोन्ही सह्या एकाच बाईच्या. कुठली खरी धरू?"

मी नकाशा काचेवरून काढला. प्रश्न बरोबर होता.

मी खळग्याचं सांगितलं. ते म्हणाले, उंदरा-घुशींनी पोखरलं असेल, मुरूम टाकून घेऊ. मग आवाज खाली आणून, जरा माणसासारखं बोलले. "बाई, मला वेडा समजू नका. जुलैत धरण फुटून पुण्यात काय झालं ते मीही वाचलंय. पण भरला तलाव रिकामा करायला मला वर कारण द्यावं लागतं. उद्घाटनाला जिल्ह्यातून मोठी माणसं येतायत. ट्रेसरच्या मनात आलं, हे कारण होत नाही. ज्यानं मोजमाप वहीवर सही केली त्या ओव्हरसियरचं लेखी आणा. झाड आत आहे, एवढं एक वाक्य. त्याच मिनिटाला मोरी उघडतो आणि सहलही बंद करतो."

शिवकांताबाईंना मी काल संध्याकाळी सगळं सांगितलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. स्वतःच्या वर्गाच्या मुली त्या नेणार नाहीत. पण मुख्याध्यापिकाबाईंनी साहेबांकडं विचारणा केली होती, आणि "पाळ सुरक्षित आहे" असं उत्तर पाचही शाळांना गेलं आहे. बाकीच्या निघणारच. मुली आत्तापासून कोण कुणाशेजारी बसणार यावरून भांडताहेत म्हणे.

माझ्यावर चौकशी बसेल. कालपासून मला नकाशाच्या खोलीत जायचं नाही, असं तोंडी सांगितलं आहे. तुमचं पेन्शन अडकू शकतं. लोक बोलतील. हरणाबाई तुम्हाला देवमाणूस म्हणते, तेही जाईल. हे सगळं मी मोजून लिहिते आहे. तुम्हाला कमी करून सांगितलं, असं नंतर तुम्ही म्हणू नये.

महालिंगप्पांची काळजी करू नका. हुकूम ओव्हरसियरचा होता. त्यांचं नाव माझ्या निवेदनात नाही, तुमच्यातही नसावं.

आता वेळेचा हिशोब. मोरी पूर्ण उघडली तर पातळी दिवसाला तीन फूट उतरते. माझ्या अंदाजानं पाणी पाच फूट खाली गेलं की त्या नळ्यांवरचा भार तुटतो. सहल बंद झाली तरी दरीत हरणाबाई आणि आणखी चार घरं आहेत. ती हलणार नाहीत, म्हणून पाणीच हलवावं लागेल. शनिवारपर्यंत थांबलं तर उशीर होईल.

तुम्ही काय लिहायचं ते खाली देते. तसंच लिहा किंवा तुमच्या शब्दांत लिहा.

"आसरादरा तलावाच्या पाळीत सातव्या साखळीवर उंबराचं झाड न तोडता मे १९५५ मध्ये माती भरण्यात आली. हे माझ्या हुकमानं झालं. नकाशातली खूण माझ्या सांगण्यावरून काढण्यात आली."

खाली सही आणि तारीख. माझ्याबद्दलचं शेवटचं वाक्य नको वाटलं तर वगळा. पहिलं वगळू नका.

मला तुमच्याशी बोलायचं आहे, पण ते नंतर. बोलणं झालं नाही तरी मी तक्रार करणार नाही. पत्रात आणखीही लिहिता आलं असतं. गाडी सुटायची वेळ झाली, थांबते. उत्तर दुसऱ्या कुणाकडं देऊ नका, महालिंगप्पांकडंही नको. परतीच्या गाडीच्या कंडक्टरकडं बंद पाकिटात द्या. मी रोज तिन्ही गाड्यांना स्टँडवर उभी असेन.

शुक्रवार, १५ डिसेंबर, दुपारी बारापर्यंत उत्तर पोचेल असं पाठवावं, ही विनंती.

वनमाला